तुळशीजवळची गुणगुण

महालक्ष्म्यांच्या माळेतली सोन्याची पुतळी हरवली, तेव्हा पार्वताबाईंनी जाब सुनेला विचारला. विसर्जनानंतर दागिने तुळशीजवळ धुऊन पेटीत ठेवले होते ते जमुनेनेच. दुसऱ्या सकाळी अंगण मात्र रिवाजाप्रमाणे घरच्या वडीलधाऱ्या बाईने, म्हणजे पार्वताबाईंनी, स्वतः सारवले होते.

मुलगा गोवर्धन, जमुनेचा नवरा, अकोल्याच्या जुन्या शहरात रेडिओ दुरुस्त करीत असे. जमिनीतले सुरुंग शोधणारे एक यंत्र त्याने लष्कराच्या लिलावातून आणून, भोंगा जोडून चालू केले होते. ते घेऊन तो गावी, तेल्हाऱ्याला आला. अंगणात यंत्र गुणगुणू लागले. यंत्राची जमिनीलगतची थाळी पुढे सरकेल तशी ती गुणगुण थरथरे.

"बंद कर हे रडगाणं," पार्वताबाई म्हणाल्या.

"आई, जेमतेम ऐकू येईन इतकं ठेवाच लागते. बारीक वस्तू ओरडत नाही, आवाज फक्त जरासा जाड होते. आन् आपली काळी माती सोताच कुरकुर करते."

"मातीची कुरकुर कोण ऐकते? सोनं असंन तं चोख बोलंन. फिरव बटन!"

गोवर्धनने बटन फिरवले. गुणगुण थांबली. मग बैलाची नाल ओरडली, विळ्याचे पाते ओरडले. तुळशीजवळ भोंगा गप्प राहिला.

"अंगणात नाही," पार्वताबाईंनी निकाल दिला आणि शेजारणींदेखत जमुनेची कपड्यांची पेटी उघडवली. तीत पुतळी नव्हती. तळाशी पार्वताबाईंनीच टाकून दिलेले जुने इरकली लुगडे होते, रफू करून, घडी घालून जपलेले. ते पाहून त्यांचा हात थबकला. जीभ मात्र थांबली नाही. "तं मग माहेरी पोचली असंन."

जमुनेने लुगड्याची पुन्हा घडी केली आणि माहेरी जाण्यासाठी बैलांची दमणी जुंपायला सांगितली.

बैल दाराशी आले, तरी गोवर्धन यंत्राशीच बसून होता. "मी बटन फिरवाले नोको होतं," तो पुटपुटला.

"फिरवलं कोणाच्या हुकमानं?" पार्वताबाईंनी विचारले, आणि हुकूम आपलाच होता हे आठवून त्या यंत्राशी आल्या. "लाव. होतं तसं लाव."

गुणगुण परतली. या वेळी त्या कान देऊन थाळीमागून चालल्या. माती कुरकुरली, निवली. तुळशीपाशी आवाज किंचित जाड झाला. इतका किंचित, की बोलणाऱ्या माणसाला तो ऐकूच आला नसता. तिथे शेणाच्या सारवणावर त्यांच्याच पाच बोटांचे अर्धगोल उमटलेले होते. त्यांनी नखांनी पोपडा उकरला. पुतळी निघाली.

"जमुना, उतर खाली," त्या दमणीकडे जाऊन म्हणाल्या.

"पुतळी भेटली ना, आत्याबाई? मंग ठेवा जपून. पेटी उघडली माही, ते साऱ्या गल्लीनं पाह्यलं. मी चार दिवस माहेरी राहीन. बोलावणं कसं धाडता, ते पाह्यतो आन् मंग ठरवतो."

दमणी निघून गेली. संध्याकाळी शेजारची गोदाबाई डोकावली. "कावो पार्वताबाई, तुमच्या अंगणात खड्डा? काहून सारवला नाही?"

ताठ कण्याच्या पार्वताबाई खड्ड्याशीच उभ्या होत्या.

"माह्या हातानं पुतळी सारवली आन् सुनेले चोर म्हटलं. पेटी पाह्याले आल्या होत्या तेवढ्या साऱ्याजणींले सांग. उद्या मी सोता तिले आणाले जातो. ती आली, तरच हा खड्डा बुजंन."