एका वर्षापुरतं

“मागच्या वर्षी घरात मुलं किती होती?” ऑरिननं विचारलं.

“दोन,” किएरा म्हणाली.

शेजारी बसलेली तिची आई ओडेसा खुर्चीत चुळबुळली. “नीट सांग की.”

“सांगितलं ना. दोन. टेव्हॉन आणि ब्रिएल.”

अमेरिकेतल्या टोलेडो शहरातल्या त्या चर्चच्या तळघरात हिवाळा संपेपर्यंत दर शनिवारी टेबलं मांडलेली असत. ज्यांची कमाई थोडी, त्यांचे कराचे कागद ऑरिनसारखे निवृत्त हिशेबनीस फुकटात भरून देत. अशा घरांना सरकार वर्षाला काही रक्कम परत करतं. मुलं जास्त तर रक्कम जास्त. कुणाचं भाडं थकलेलं, कुणाच्या गाडीचे ब्रेक गेलेले. सगळ्यांचा डोळा त्या पैशावर.

शेजारच्या टेबलावर पूर्वी ऑरिनची बायको थेल्मा बसायची. तो भरायचा, ती तपासायची. ऑक्टोबरात ती गेली. आता त्या टेबलावर कॉफीचं यंत्र ठेवलं होतं.

“ही कॉफी आहे की भांडी विसळलेलं पाणी?” ओडेसानं कप खाली ठेवला. “तुमची बायको होती तेव्हा तोंडात घालण्यासारखी तरी असायची.” मग तिची तिलाच जाणीव झाली. “माफ करा हं, मिस्टर ऑरिन. जीभ नाही राहत.”

“असू दे. खरंच आहे ते.”

किएरा एका वृद्धाश्रमाच्या लाँड्रीत कामाला होती. साबणानं तिच्या बोटांची कातडी सोलली होती. ऑरिननं दोघा मुलांची नावं भरली आणि पुढचं पान उघडलं.

“आणखी एक होता,” ओडेसा म्हणाली. “ऑगस्टात. सकाळी जन्मला, आणि दिवस मावळायच्या आत गेला.”

“आई!”

“काय आई? होता की नव्हता?”

ऑरिननं हात थांबवला. नियम त्याला माहीत होता. सगळ्या नोकरीत तो फार थोड्या वेळा वापरावा लागला होता. “बाळ जिवंत जन्मलं असेल,” तो म्हणाला, “मग थोडाच वेळ जगलं तरी, त्या वर्षी ते तुमच्या घरी वर्षभर राहिलं असं धरतात.”

“वर्षभर?” किएरानं वर पाहिलं.

“हो.”

“तो माझ्या घरी आलाच नाही. हॉस्पिटलातूनच नेला. पाळणा मी दुकानात परत करून आले.”

“कायद्याला ते चालतं. रक्कम बरीच वाढेल तुझी...”

किएरा उठली. खुर्चीच्या पाठीवरचा कोट तिनं ओढून घेतला. “मला नको त्याचे पैसे. विकल्यासारखं वाटतं मला पोराला.”

“हे त्या घरमालकाला सांग,” ओडेसा म्हणाली. “रोज दारात येऊन उभा राहतो ना, त्याला.”

“तू गप्प बस गं!”

कोटाची एक बाही घालून किएरा तशीच उभी होती. चूक ऑरिनला कळली. सवयीनं तो आधी पैशाचं बोलला होता. थेल्मा असती तर तिनं शेजारच्या टेबलावरून त्याच्याकडे डोळे वटारले असते.

“नाव काय ठेवलं होतंस त्याचं?” त्यानं विचारलं.

किएरानं घातलेली बाही पुन्हा काढली. मग म्हणाली, “सायलस. आजोबांचं.”

“कसं लिहायचं ते सांग.”

ती खाली बसली. एकेक अक्षर तिनं सावकाश सांगितलं, मधे एकदा थांबली, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. जन्माचा दाखला ओडेसाच्या पर्समधेच होता. तिनं तो न विचारता काढून दिला.

“हे संगणकावरून जाणार नाही, कागदावरच पाठवावं लागेल,” कागद छापून आणल्यावर ऑरिन म्हणाला. “त्याला सरकारी नंबर मिळाला नव्हता ना. नंबराच्या जागी एक शब्द लिहायचा असतो.”

“कोणता?”

“मृत.”

तिनं पेन त्याच्याकडे सरकवलं. “ते तुम्हीच लिहा. मला नाही जमणार.”

ऑरिनच्या घरी त्याचे स्वतःचे कागद जानेवारीपासून तसेच पडून होते. त्यांच्या माथ्यावरही हेच लिहायचं होतं, थेल्माच्या नावापुढे. त्याच्यानं तेवढं झालं नव्हतं. पेन हातात घेऊन तो थोडा वेळ बसला. मग त्यानं लिहिलं, नीट, सुटं सुटं, आणि कागद किएराकडे फिरवला.

ती बघत राहिली. टेव्हॉन, ब्रिएल, सायलस. एकाखाली एक.

“अशी तिघं एकत्र मी कुठंच लिहिलेली पाहिली नाहीत,” ती म्हणाली. “आणि पुढच्या वर्षी, मिस्टर ऑरिन?”

काहीतरी गोड सांगता आलं असतं.

“पुढच्या वर्षी ही ओळ नसेल, पोरी. हे एका वर्षापुरतंच असतं. माझ्या बायकोचं नावही माझ्या कागदावर एवढं एकच वर्ष.”

ओडेसानं नाक पुसलं आणि भिंतीकडे पाहिलं.

“सही इथं,” ऑरिन म्हणाला.

किएरानं पेन उचललं, पण सही केली नाही. मागच्या रांगेतून एक माणूस ओरडला, “अहो, आवरा की! जेवायची वेळ झाली.”

“तुझं जेवण काही पळून चाललं नाही, बाबा,” ओडेसा न वळता म्हणाली.

ऑरिननं खुर्ची जरा मागं घेतली. “सावकाश होऊ दे,” तो किएराला म्हणाला.

किएरानं पेन खाली ठेवलं. लहान मुलाला वाचायला शिकवताना ठेवतात तसं, तिनं तिसऱ्या नावाखाली बोट ठेवलं.