तीन ठोके, दोन ठोके

ऐका, सांगते. एक होतं शहर. त्या शहराच्या पोटात होत्या पाण्याच्या वाटा, आणि त्या वाटांवर जगणारं होतं एक घर. घरात होते कानमास्तर, त्यांची बायको, त्यांची एकुलती लेक, आणि चौथी मी. मी कानमास्तरांची ऐकायची काठी बोलतेय.

मला एका सुतारानं घडवलं. एकसंध लाकूड, माणसाच्या छातीला लागेल एवढी उंची, आणि वरच्या टोकाला कानावर बसेल अशी उथळ वाटी. कानमास्तरांनी विचारलं, "आतून पोकळ करता येईल का?" सुतार म्हणाला, "भरीवच बरी. पोकळ वस्तू स्वतःच फार बडबडते." ते बोलणं मी जन्मभर गाठीला बांधलं. आज पहिल्यांदा गाठ सोडतेय.

कानमास्तर पाणीखात्यात गळती शोधायचे. रस्त्यावर वर्दळ सुरू व्हायच्या आत आम्ही दोघं बाहेर. लोखंडी झाकण उघडायचं, माझं टोक खाली नळावर टेकवायचं, वाटी कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. डोळे मिटल्याशिवाय त्यांचं लक्षच लागायचं नाही. पाणी धड वाहत असलं की नुसतं गुणगुणतं, फुटल्या जागी मात्र सुस्कारे टाकतं. तो सुस्कारा माझ्या अंगातूनच जायचा, पण मला त्यातलं काडीचं कळायचं नाही. कळायचं ते त्यांना. "इथं खणा," म्हणायचे, आणि तिथंच पाणी लागायचं.

नळाच्या दोन टोकांना दोन माणसं असली की हाक पोचत नाही. मग नळावरच ठोकायचं. तीन ठोके म्हणजे "आहेस का?" दोन म्हणजे "आहे." ही सवय कानमास्तरांनी घरी आणली. कामावरून आले की खाली जिन्यातल्या नळावर तीन ठोके द्यायचे. वर स्वयंपाकघरातून लेक चमच्यानं दोन द्यायची. मगच पायऱ्या चढायचे. बायको ओरडायची, "फोडा एकदा तो नळ! मग बसा बापलेक घरातच गळती शोधत."

लेक शिकली आणि त्याच खात्यात लागली. तिनं नळांवर बसवायच्या डब्या आणल्या. डब्या अखंड ऐकायच्या आणि संगणक सांगायचा, अमुक ठिकाणी गळतंय. खात्यातली माणसं अशी संधी सोडतात थोडीच?

"काय कानमास्तर, लेकीनंच कान कापले की!"

"कापले कुठं? वाढवले."

घरी आल्यावर लेक हळूच म्हणाली, "बाबा, रागावलात? संगणकाला खरंच तुमच्याहून बारीक ऐकू येतं."

"येऊ दे की. पण पाणी तुटलं तर कुणाचं घर कोरडं राहील, हा घोर त्याला लागतो का?"

"घोर मला लागतो ना."

"मग झालं. कान त्याचा, जीव तुझा. ही माझी काठी तरी कुठं शहाणी आहे?"

मला वाईट नाही वाटलं. खरं तेच बोलले.

पुढे ते घरी बसले, आणि दोन वर्षांनी एका सकाळी तोंड धुता धुता कोसळले. मेंदूत रक्त गोठलं होतं. जीव वाचला, पण उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. माझीही कळा गेली. खिडकीची कडी मोडली होती, तिला टेकू म्हणून मला लावलं. पावसानं फुगले, उन्हानं चिरले. पण खाट त्या खिडकीपाशीच होती, म्हणून सगळं डोळ्यांदेखत घडलं.

बोलणं शिकवणाऱ्या बाई यायच्या. पाटीएवढ्या पडद्यावर चित्रं दाखवायच्या. "आजोबा, यातला कप कुठला? किल्ली कुठली?" कानमास्तर डोळे मिटून घ्यायचे. बाई लिहायच्या, 'लक्ष नाही, डोळे मिटतात.' चार महिन्यांनी सांगितलं, "चाळीसातले दोन. वाईट वाटतं, पण काही उमजत असेल असं दिसत नाही."

एका शुश्रूषागृहात खाट रिकामी झाली होती. सोमवारपर्यंत कळवायचं होतं.

"तुझी कंबर गेलीय आई, उचलता येत नाही तुला. आणि ते... ते आत राहिलेच नाहीत गं."

"कडी वाजवून बघितलीस का? परस्पर ठरवलंस, घर रिकामं म्हणून?"

लेकीनं सगळे कागद आपल्या संगणकाला दाखवले आणि विचारलं. तो बोलणारा होता. म्हणाला, "या चाचण्या शब्दांच्या आणि चित्रांच्या आहेत. तेवढ्यावरून माणसाला काहीच कळत नाही असं मला म्हणता येणार नाही. त्यांनी आयुष्यभर काय काम केलं?"

"ऐकायचं," लेक म्हणाली.

आई नाइलाजानं त्यांच्या कपड्यांची पिशवी भरत होती, ती थांबली. "अगं, आपण किती खुळ्या! ते डोळे मिटतात तेव्हाच तर ऐकतात! ती बाई चित्रं नाचवतेय, आणि हे बिचारे कान लावून बसलेत."

लेकीनं माझ्याकडे पाहिलं. खिडकी धाडकन मिटली, कारण तिनं मला ओढून घेतलं होतं. खाटेमागच्या भिंतीवरून नळ जातो. त्यावर माझं टोक टेकवलं, वाटी त्यांच्या कानाशी धरली, त्यांचा डावा हात माझ्या अंगावर ठेवला. "आई, तू धर हिला." आणि ती स्वयंपाकघरात गेली.

तीन ठोके आले. माझ्यातून त्यांच्या कानात गेले. त्यांनी डोळे मिटले.

काही नाही. मी हजारो नळ ऐकवले, पण इतकं शांत कधी ऐकवलं नव्हतं. मग माझ्या अंगावर त्यांचं नख वाजलं. एकदा. पुढं इतका वेळ गेला, की आईनं रोखलेला श्वास सोडला.

आणि पुन्हा एकदा.

स्वयंपाकघरात लेक नळाला कान लावून उभी होती. तिला पोचलं. तिनं रडत रडत पुन्हा तीन दिले, पुन्हा दोन आले.

मग खुणा वाढवल्या. एक ठोका म्हणजे हो, चार म्हणजे नाही. पहिला प्रश्न आईनंच विचारला, "तुम्हाला इथून जायचंय का हो?"

चार ठोके. आजारपणात त्यांचं काही इतक्या घाईनं झालं नव्हतं.

"बघा! मी काही विचारलं की अजून आधी 'नाही'च," आई म्हणाली, आणि दोघी हसल्या.

माणसाचा जीव नेमका कुठं राहतो, मला लाकडाला काय ठाऊक? शब्द गेले तरी तो गेला नव्हता. लेकीच्या यंत्रानं योग्य प्रश्न विचारला, आईला नवऱ्याच्या पापण्या वाचता आल्या, आणि मी मधे उभी राहिले. यातलं एक जरी नसतं, तर सोमवारी होकार गेला असता.

आता शुश्रूषागृहाला नकार कळवलाय. उचलायला एक दणकट मावशी येतात. खिडकीला नवी कडी लागली, आणि मी खाटेशी असते, चिरलेली पण कामाची. एवढंच सांगायचं होतं. कुणी डोळे मिटून गप्प पडलं असेल, तर तीन ठोके द्या आणि थांबा. पहिल्या ठोक्यानंतरही थांबा.

परवा लेक कामावरून आली. जिन्यात उभी राहून तिनं नळावर तीन ठोके दिले. वरून दोन आले, तेव्हा ती पायऱ्या चढली.