अंधारातले दोन फ्री थ्रो

ऑर्बनच्या लोकांशी आमचं वैर कशावरून सुरू झालं, हे आता कुणालाच धड सांगता येत नाही. ओहायो नदीच्या अलीकडे आमचं रॅन्सडेल, पलीकडे त्यांचं ऑर्बन. दोन्ही गावं लहान, दोन्हीकडे एकेक कॉलेज आणि मध्ये पूल. माझ्या बहिणीने ऑर्बनच्या हार्लन टीगशी लग्न ठरवलं तेव्हा आईने आधी विचारलं, "मुलगा पितो का?" पीत नाही म्हटल्यावर दुसरा प्रश्न, "मग मॅचला कुठल्या बाजूला बसतो?" उत्तर ऐकून म्हणाली, "त्यापेक्षा पीत असता तर सोडवली तरी असती."

तर त्याच हार्लनच्या गॅरेजमध्ये दर फेब्रुवारीत, दोन्ही कॉलेजांच्या बास्केटबॉल मॅचच्या दिवशी दुपारी, आम्ही सगळे जमतो. मॅच यंदा आमच्या गावात असो की त्यांच्या, जेवण हार्लनकडेच. सकाळपासून त्याच्या मोठ्या लोखंडी कढईत बर्गू हा आमच्याकडचा दाट रस्सा रटरटत असतो. कोंबडी, डुकराचं मटण, मका, भेंडी, बटाटे, सगळं एकजीव होईपर्यंत तो लाकडी वल्ह्याने ढवळत राहतो आणि दुसऱ्या कुणाला वल्ह्याला हात लावू देत नाही. हिरव्या टोप्या घातलेले आम्ही ससाणे, लाल टोप्यांची ती खेचरं. ही दोन्ही कॉलेजांनी स्वतः घेतलेली नावं आहेत. आम्हाला कोंबड्या म्हणायचं मात्र त्यांचं त्यांनी ठरवलं.

या वर्षी गॅरेजमध्ये शिरल्याशिरल्या जाणवलं, आवाज जरा कमी होता. आमचे जुने कोच एमेट सॉरेल हिवाळ्याच्या तोंडावर गेले होते. हार्लनने आयुष्यभर त्यांना 'इंजिन' म्हणून हिणवलं, कारण रागावले की त्यांचा चेहरा लालबुंद व्हायचा आणि डोक्यातून वाफ निघतेय असं वाटायचं. पण त्या दिवशी पहिला वाडगा भरण्याआधी त्याच हार्लनने डोक्यावरची लाल टोपी काढली.

"इंजिनासाठी," तो म्हणाला.

"तुझ्या तोंडून चांगला शब्द ऐकायला त्यांना मरावं लागलं होय रे?" मी म्हटलं.

"मेहुणीबाई, चांगला शब्द कुठे बोललोय मी अजून? नुसती टोपी काढली."

सगळे हसले, आणि मग अपेक्षेप्रमाणे मर्ल बोलला. मर्ल ओव्हरस्ट्रीट आमच्या बाजूचा, माझ्याच वर्गातला, शेतीच्या अवजारांचं दुकान चालवून आता घरी बसलेला. त्याची एक गोष्ट ठरलेली आहे, ती सांगितल्याशिवाय त्याला घास गिळवत नाही.

"माणूस मोठा होता," मर्ल म्हणाला, "पण तो दुसरा बॉल आत गेला नव्हता."

"आला, आला विषयावर," हार्लन म्हणाला.

"रिंगवर आपटला, मी ऐकलं. पुन्हा आपटला, तेही ऐकलं. जाळीचा आवाज? आलाच नाही. लाइलची दया आली कोचना, म्हणून गेला म्हणाले."

कोपऱ्यात हार्लनचा नवा जावई बसला होता. हा अ‍ॅरिझोनाचा. तो म्हणाला, "आत गेला की नाही, ते दिसलं नाही का कुणाला?"

गॅरेजमधले सगळे त्याच्याकडे वळून बघायला लागले. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं! आणि त्या मॅचला आमच्या कॉलेजच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवणारी, अगदी पहिल्या रांगेतली मी होते, म्हणून सांगायचं काम माझ्याकडे आलं.

ते साल सत्तरच्या दशकातलं. शनिवार, भरदुपारची मॅच, आमच्या जुन्या जिममध्ये. जिमच्या खिडक्या खेळाडूंच्या डोळ्यांवर ऊन येतं म्हणून फळ्या ठोकून बंद केलेल्या. बाहेर सकाळपासून बर्फाळ पाऊस पडत होता, फांद्या आणि तारा बर्फाने जाड झाल्या होत्या. पण आत दोन्ही गावं कोंबून भरलेली. जो जिंकेल तो विभागाचा विजेता ठरणार होता.

आणि ऑर्बनकडून लाइल कॅटरसन खेळत होता. तो मूळचा आमच्या गावचा पोरगा. त्याच्या आईचा गोठा गावाबाहेरच्या चढावर होता. कोच सॉरेल त्याच्या घरी जाऊन स्वयंपाकघरात बसले होते, आमच्याकडे ये म्हणून विनवून आले होते. तरी तो नदी ओलांडून गेला. कोचचं म्हणणं, ऑर्बनच्या कोचने, बर्ल व्हिटेकरने, त्याला आपल्या पाठीमागून पळवला. त्या दिवसापासून दोन्ही कोच एकमेकांशी हात मिळवत नव्हते. आणि लाइलने बॉल हातात घेतला की आमची सगळी बाजू बाकांवर पाय आपटून त्याला हूट करायची. माझी आईसुद्धा. लहानपणी तिने त्याला रविवारच्या शाळेत शिकवलं होतं, तरीही.

मॅच अशी रंगली की मी वाजवायचं विसरून गेले. शेवटी आम्ही एका गुणाने पुढे होतो. लाइल बास्केटकडे झेपावला, आमच्या पोराने त्याला आडवा केला, शिट्टी आणि भोंगा एकदमच वाजले. वेळ संपली. आता उरले फक्त लाइलचे दोन फ्री थ्रो, रेषेवर उभं राहून, कुणी न अडवता टाकायचे, एकेका गुणाचे. दोन्ही घातले तर ते जिंकणार, एक घातला तर बरोबरी, दोन्ही चुकले तर आम्ही.

तो रेषेकडे चालायला लागला आणि दिवे गेले.

इतका काळोख मी आधी कधी बघितला नव्हता. हात डोळ्यांपुढे धरला तरी दिसेना. थोडा वेळ आरडाओरडा, थोडा वेळ हसणं. मग निरोप आला की पुलाजवळच्या तारा बर्फाने तुटून पडल्यात, रात्रीपर्यंत काही दिवे येत नाहीत. कुणी लायटर पेटवले, कुणी गाडीतल्या बॅटऱ्या आणून बास्केटवर प्रकाश मारला. पण प्रत्येकाचा हात हलायचा, आणि रिंगच्या दहा सावल्या भिंतीवर नाचायच्या.

पंच म्हणाले, "दोन्ही कोचची तयारी असेल तर पुढच्या आठवड्यात येऊन हे दोन थ्रो घेऊ."

तेवढ्यात लाइलचा आवाज आला. "आत्ताच टाकतो. फक्त त्या बॅटऱ्या बंद करा. सावल्या हलतात, त्यापेक्षा काळोख बरा."

"वेडा आहेस का?" हे त्याचे स्वतःचे कोच, व्हिटेकर.

"कोच, आमच्या गोठ्यात दिवा कुठे होता? दूध काढून झालं की तिथे ठोकलेल्या रिंगमध्ये मी अंधारातच टाकायचो. मला रिंग कुठे आहे ते माहीत आहे."

मग पंच म्हणाले, "अरे, पण आत गेला की नाही हे ठरवणार कोण? मला काय दिसणार आहे?"

यावर व्हिटेकर जे बोलले, ते ऐकलेलं प्रत्येक माणूस अजून सांगतो. त्यांचा आवाज मुळातच हळू. ते म्हणाले, "एमेटला बास्केटखाली उभं करा. हात वर धरून. त्याच्या हातात पडला तर आत. तो सांगेल ते मला मान्य आहे."

म्हणजे आमचेच कोच! ज्यांच्याशी ते लाइल आल्यापासून बोलले नव्हते, ज्यांच्या गावचा पोरगा त्यांनी नेला होता, आणि ज्यांच्या एका 'नाही'वर विजेतेपद ठरणार होतं. त्या काळोखात ते खोटं बोलले असते तर देवाशिवाय कुणालाच कळलं नसतं. खालच्या बाकावरून आमच्या कॉलेजचा कुणी बडा माणूस कुजबुजल्याचंही मी ऐकलं, "झालं आपलं काम." कोच सॉरेलच्या बुटांचा आवाज तेवढा लाकडी फरशीवरून बास्केटकडे जाताना आला.

बॅटऱ्या विझल्या. पंचांनी लाइलला दंडाला धरून रेषेवर नेलं, तो पायाने रेष चाचपत असल्याचं ऐकू आलं. आमच्या विद्यार्थ्यांपैकी एकाने सवयीने किंकाळी फोडली. लगेच "फट्" असा आवाज आला. माझ्या आईने पर्स त्याच्या डोक्यात हाणली होती. "गप्प बैस! ऐकू दे!" ती म्हणाली.

त्यानंतर कुणी श्वासही मोठ्याने घेतला नाही. दोन गावं, आजवर एकमेकांचा शब्द कानावर पडू न देणारी, एकाच काळोखात कान देऊन बसली. छपरावर बर्फाचे खडे टपटपत होते. लाइलने बॉल जमिनीवर आपटला, थांबला. आणि मग काहीच नाही. बॉल हवेत असताना आवाज येत नाही, हे माझ्या तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं.

सळ्ळ. जाळी हलली. रिंगला स्पर्शसुद्धा नाही.

"गेला," कोच म्हणाले.

बरोबरी. माझ्या अंगावर काटा आला होता, आणि तो हरण्याच्या भीतीचा नव्हता. असं काही माणसाच्या हातून होऊ शकतं याचा होता.

दुसरा. बॉल जमिनीवर आपटल्याचा आवाज. थांबला. पुन्हा ती शांतता. मग 'ठण्' असा रिंगचा आवाज. पुन्हा एक बारीकसा 'ठण्'. आणि नंतर काहीच नाही. बॉल जमिनीवर पडल्याचा आवाज नाही, जाळीचा नाही, आणि कोचही काही बोलेनात. किती वेळ गेला कोण जाणे. माझ्या शेजारचा ढोलवाला माझं मनगट आवळून बसला होता.

शेवटी व्हिटेकरांनीच हाक मारली. "एमेट?"

"गेला, बर्ल," कोच म्हणाले. "तुम्ही जिंकलात."

लगेच कुणी ओरडलं नाही. मग कुठेतरी एक टाळी वाजली, मग दुसरी, मग सगळं छप्पर दणाणलं. अंधारात टाळ्या लाल हातांच्या की हिरव्या, कळायला मार्ग नव्हता. मी मात्र टाळ्या वाजवत होते आणि रडत होते.

माझं सांगून झालं तेव्हा जावयाच्या हातातला वाडगा गार झाला होता. "बापरे," एवढंच तो म्हणाला.

"ते सगळं खरं," मर्ल म्हणाला. "पण ते इतका वेळ गप्प का होते? हातात बॉल असता तर लगेच नसते बोलले? पहिल्या वेळेस बोलले ना लगेच? विचार करत होते ते. आत न गेलेला बॉल त्या पोराला द्यावा की नाही, याचा."

"आणि आमच्याकडचे म्हणतात, आत गेलेला बॉल नाकारावा की नाही, याचा," हार्लन म्हणाला. "दोन्हीकडे शंकासुर."

"यातलं एकही खरं नाही," दारातून कुणीतरी म्हणालं.

उंच, किंचित वाकलेला म्हातारा, अंगावर साधा करडा कोट, डोक्यावर टोपीच नाही. केव्हापासून उभा होता कोण जाणे. हार्लन वल्हं टाकून पुढे धावला. त्याने वल्हं सोडलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. "लाइल! ये, आत ये!"

लाइल कॅटरसन. शिक्षण संपल्यावर तो पश्चिमेला ऑरेगॉनला गेला, तिथे शाळेत गणित शिकवलं, इकडे फारसा फिरकला नाही. त्या संध्याकाळी मॅचच्या मध्यंतरात कोच सॉरेलना मानवंदना होती, म्हणून कोचच्या मुलीने त्याला बोलावून घेतलं होतं. मी त्याच्याकडे बघत राहिले. ते हात! साधे, सुरकुतलेले, गॅरेजच्या उबेत एकमेकांवर चोळत असलेले.

त्याने वाडगा घेतला, बसला. हिंमत करून शेवटी मर्लच म्हणाला, "लाइल, तुला काय वाटलं होतं? हातातून सुटताना?"

"चुकला असं वाटलं," लाइल म्हणाला. "किंचित लांब गेला होता. म्हणून तर मला वर्षानुवर्षं झोप नव्हती. त्यांनी मला दान दिलं असेल, तर ती मॅच माझी नव्हती. शेवटी आई गेली तेव्हा इथे आलो होतो, तसाच कोचच्या घरी गेलो. ते व्हरांड्यात शेंगा सोलत बसले होते. म्हटलं, कोच, खरं सांगा, दुसरा आत गेला होता का?"

"मग?"

"चिडले. इंजिन झालं. म्हणाले, 'मी तुझ्यावर मेहरबानी करीन? तू माझी मॅच घालवलीस! रिंगवर लटपटला, कडेवर बसल्यासारखा थांबला, आणि हळूच माझ्या हातांत उतरला. अंडं ठेवावं तसा.' मी विचारलं, मग तुम्ही बोलला का नाहीत?"

लाइलने वाडगा खाली ठेवला.

"म्हणाले, 'अरे, उभा जन्म मी त्या जिममध्ये आरडाओरडा ऐकला, निम्मा माझाच. त्या दिवशी दोन्ही गावं अशी गप्प होती की मला माझ्या हातांतल्या बॉलवर माझ्याच काळजाचे ठोके जाणवत होते. आपण चर्चमध्येसुद्धा इतके गप्प नसतो. ते मोडायला तोंडच उघडेना. बर्लने हाक मारली नसती तर मी अजून तिथेच उभा असतो.'"

हार्लनने तोंड फिरवून डोळे पुसले आणि धूर फार झालाय म्हणाला. मी लाइलच्या हाताला नुसता हात लावला.

मर्लने टोपी मागे सारून डोकं खाजवलं. "म्हणजे आपण खरंच हरलो होतो."

"हो," लाइल म्हणाला.

"मग आता मी दर वर्षी काय सांगू?"

"हेच सांग की," मी म्हटलं.

संध्याकाळी पूल ओलांडून सगळे एकत्रच रॅन्सडेलला आलो. नव्या जिममध्ये लाइल आमच्या बाजूला, मर्लच्या शेजारी बसला. पहिल्या डावात मर्लने नेहमीप्रमाणे खेचरांच्या सात पिढ्या उद्धरल्या, आणि लाइल शांतपणे मक्याच्या लाह्या खात राहिला. मध्यंतरात भोंग्यावरून कोच सॉरेलचं नाव पुकारलं गेलं. आम्ही उठायच्या आत समोरची ऑर्बनची अख्खी लाल बाजू उभी राहिली होती, टोप्या हातात घेऊन, हार्लन सगळ्यांत पुढे.

"उठ, जूनी, उठ लवकर!" मर्ल माझा दंड धरून ओरडला. "खेचरं आधी उठली!"

आम्ही उठलो. लाइल आधीच उभा होता.

मॅच ऑर्बननेच जिंकली, चांगल्या फरकाने. हार्लन अजून फोन करकरून सांगतोय.