रक्तातली भेसळ

अंथुर्णे गावच्या मंगल कार्यालयात पाय ठेवायला जागा नाही. मंचावर गुणसूत्रबाबा. गळ्यात रुद्राक्ष, वर स्टेथोस्कोप.

"दुधात सोडा घातला, तर डेअरीत तपासणीचा थेंब टाकल्यावर काय होतं?"

"लाल!" गर्दी ओरडते.

"रक्तातही तशीच भेसळ असते. तिचंच नाव खराब जीन!"

रोग्यानं बाटलीत थुंकायचं. बाबांचा थेंब पडला, की लालभडक. मग मंत्र, वर 'अमृता'चा थेंब. लाली गायब! रोज दूध घालणारं गाव, रंगावर विश्वास ठेवणारच.

गावातल्या स्वरूपाच्या मुलाचे, सौरभचे पाय जन्मजात आजारानं दुबळे होत चाललेत. बाबांच्या गेल्या शिबिरात त्याचं रक्त 'शुद्ध' झालं. बाबा म्हणाले, डॉक्टरच्या गोळ्या बंद. तिनं केल्या. आज त्याला जमिनीवरून उठताही येत नाही.

म्हणून ती त्याला पुन्हा घेऊन आली. तिला बाटली मिळाली. सवयीनं तिनं ती नळाखाली विसळली. डेअरीत नमुना देताना विसळतेच. सौरभ थुंकला. थेंब पडला.

लाल नाही.

"बघा, पूर्ण शुद्ध!" टाळ्या. सौरभ तसाच बसलेला.

गोळ्या बंद केलेल्या सौरभला शोधत बारामतीहून आलेल्या डॉक्टर साक्षी पुढं झाल्या. न विसळलेली बाटली उचलून तिच्यात नुसतं पाणी ओतलं, बाबांचाच थेंब टाकला. लालभडक.

"पाण्याला कसला आजार? बाटलीच्या तळाला धुण्याचा सोडा आहे. हिनं विसळली, म्हणून तो निघून गेला. थेंब डेअरीतलाच. आणि अमृत म्हणजे लिंबू."

बाबा मागच्या दारानं पसार. गर्दी डॉक्टरवरच उलटली.

गर्दी: मग तुमी बरा करा की!

डॉक्टर: नाही करू शकत.

गर्दी: जीनचं औषध निघालंय म्हणं?

डॉक्टर: काही आजारांवर निघालंय. याच्यावर प्रयत्न चालू आहेत. पूर्ण बरं करणारं अजून नाही.

स्वरूपा: ह्यो असा जन्मला, त्यात माझं काय चुकलं हुतं का, ताई?

डॉक्टर: नाही. जनुकातला दोष कुणाचं पाप नसतो.

स्वरूपा: चालत ऱ्हाईल का ह्यो?

डॉक्टर: कधीतरी चालणं थांबेल. गोळ्या, व्यायाम यांनी ते लांबवता येतं. किती, माहीत नाही.

स्वरूपा: बाबा 'बरा हुईल' म्हणाला, तवा लई दिसांनी झोप लागली हुती. तुमी ती बी काढून घेतली.

खाली वाकून डॉक्टरांनी सौरभच्या काखेत हात घातला. दुसऱ्या बाजूनं स्वरूपानं उचललं.

वाचकहो, 'बरा करतो' म्हणणाऱ्याला विचारा: कुणाला केलंत, दाखवा. आणि 'माहीत नाही' म्हणणाऱ्याचा राग आला, तरी पोराला घेऊन त्याच्याकडंच जा.