राणी खुर्चीवरून उठली

चिंतामणबुवांना वेडं दोनच. एक कीर्तनाचं, आणि दुसरं जगात अजून शिल्लक राहिलेल्या राजेराण्यांचं. पंचवटीतल्या एका गल्लीत छोटं राममंदिर आहे, तिथे चैत्रात त्यांची कीर्तनं व्हायची. नवमीला देवाचा जन्म झाला की दुसऱ्या दिवशी, दशमीला, राज्याभिषेकाचं कीर्तन. त्या दिवशी पूर्वरंगात, म्हणजे कीर्तनाच्या पहिल्या भागात, बुवा कुठल्या ना कुठल्या देशाचा राजा दृष्टान्ताला घेऊन येणार हे ठरलेलं. भाजीबाजारातसुद्धा लोक अडवून विचारायचे, "बुवा, यंदा दशमीला कोण येतंय?"

लंडनचा राज्याभिषेक त्यांनी गेल्या श्रावणातल्या एका कीर्तनातच सांगून टाकला होता. "सगळं जग टीव्हीला डोळे लावून बसलंय. सोन्याची गाडी दाखवली, मुकुट दाखवला. पण जेरुसलेमहून आलेलं तेल राजाला लावायची वेळ आली, तेव्हा काय केलं? चक्क पडदे उभे केले! का? तर तेवढं त्याचं आणि देवाचं." ऐकताना पुढच्या रांगेतल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले होते. परका राजा, परका देव, पण पडद्यामागचं ते एकटेपण त्यांना आपलं वाटलं.

आता बुवांची स्वतःची गादी. देवळातली ती सतरंजी म्हणजे नारदाची गादी. आजोबांनंतर वडील, वडिलांनंतर बुवा. जिवंतपणी सोडायची नाही आणि मुलाशिवाय कुणाला द्यायची नाही, अशी घराण्याची चाल. मुलगा मयुरेश पुण्यात कॉम्प्युटरवर काम करायचा. गळा बेताचा आणि ओढ त्याहून बेताची. म्हणून बुवांची आशा नातवावर, तनयवर. तो अजून तिसरीत होता. आणि बुवांच्या मागे झांजा घेऊन, ध्रुपद म्हणजे पदाचं पालुपद धरून वर्षानुवर्षं उभी राहायची ती थोरली मुलगी, स्वरदा. त्र्यंबकला, येवल्याला तिची स्वतःची कीर्तनं व्हायची, माणसं मन लावून ऐकायची. या सतरंजीवर मात्र तिची जागा मागेच.

अलीकडे बुवांचं एक होत होतं. बोलता बोलता पुढचं पुसून जायचं. फळ्यावरून ओलं फडकं फिरावं तसं. अशा वेळी स्वरदा मागून हळूच नामाचा गजर उचलायची, लोक टाळ्या धरायचे, तेवढ्यात बुवांना धागा सापडायचा. दोघं याबद्दल एक अक्षर बोलत नसत.

दशमीच्या दुपारी ती त्यांना न्यायला आली. बुवा आरशासमोर पगडी बसवत होते.

"यंदा कोण, बाबा?"

"डेन्मार्कची राणी."

"छान. पण स्वीडनची गोष्ट तुम्ही कधीच सांगत नाही."

"कुठली?"

"माहितीये तुम्हाला. कायदा बदलला आणि सात महिन्यांच्या बाळाचं युवराजपद काढून थोरल्या बहिणीला दिलं, ती."

"त्या गोष्टीला वेळ पुरत नाही," बुवा आरशातूनच म्हणाले.

"जपानची सांगायला बरा पुरतो. तिथे गादीवर फक्त मुलगेच ना!" असं म्हणून ती हसली आणि त्यांच्या उपरण्याची घडी सारखी करू लागली. हसताना तिने मान खाली घातली, ती बुवांना दिसली. नको होती दिसायला.

देऊळ भरलेलं. दुसऱ्या दिवशी एकादशीची रामाची रथयात्रा, त्यामुळे बाहेरगावचीही माणसं होती. तबल्यावर नेहमीप्रमाणे हारुनभाई. त्यांचा आणि बुवांचा संसार त्यांच्या बायकांशी नसेल इतका जुना, असं हारुनभाईच सांगायचे. बुवा उभे राहिले, नमन झालं, आणि गाडी रुळावर आली.

"तर मंडळी, या राणीच्या घराण्यातही आमच्यासारखीच चाल. गादी सोडायची ती डोळे मिटल्यावर. शेकडो वर्षांत कुणी जिवंतपणी सोडली नव्हती. ही बाई पन्नासाहून जास्त वर्षं राणी. पाठीचं ऑपरेशन झालं, आणि नव्या वर्षाच्या आदल्या संध्याकाळी टीव्हीवर लोकांना शुभेच्छा देता देता म्हणाली, आता मी थांबते. ऐकणाऱ्यांच्या हातातले पेले हातातच राहिले असतील! पुढे जानेवारीतच तो दिवस ठरला. मोठं टेबल, मंत्री बसलेले. तिच्या शेजारी तिचा मुलगा. कागद पुढे आला. राणीने सही केली, आणि..."

आणि पुसून गेलं.

बुवांच्या हातातल्या चिपळ्या वाजत होत्या. हारुनभाईंनी ठेका तसाच ठेवला, डोळे मात्र बुवांवर. राणीने सही केली, मग? बुवांना टेबल दिसत होतं, कागद दिसत होता, राणी दिसत नव्हती.

मागून स्वरदाने नाम उचललं. रोजच्यासारखं हळू नाही, कारण आज देऊळ मोठ्याने कुजबुजू लागलं होतं. तिने स्वर चढा लावला, एक पाऊल पुढे आली, आणि सगळं देऊळ तिच्या मागे गाऊ लागलं.

इथे एक सांगायला हवं. पूर्वरंग संपला की नामाचा गजर होतो आणि त्या गजरात कीर्तनकाराला देवाच्या गळ्यातला हार घालतात, बुक्का लावतात. या देवळात तो मान कुसाबाईंचा. बाहेर फुलांची पाटी मांडून बसायच्या, हार त्याच गुंफायच्या. डोळ्यांना आता उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. चढा गजर ऐकला आणि त्यांना वाटलं, झालं मध्यंतर. पुजाऱ्याच्या हातून हार घेतला, आवाजाच्या दिशेने निघाल्या, आणि गाणाऱ्या माणसाच्या गळ्यात घातला.

स्वरदाच्या.

गजर मधेच तुटला. कुणीतरी "अहो, अहो" म्हणालं. कुसाबाईंनी बुक्का लावायला बोट वर केलं, तर पगडी लागायच्या ठिकाणी केस हाताला लागले.

"अगं बया! पोरगी व्हय तू? आवो, म्या तर आवाजावर आले. कीर्तन करणाराच गातो ना!"

पुढे बसलेले मंदिराचे कारभारी उठले. "असू द्या, असू द्या. दुसरा हार आणा. स्वरदाताई, तो काढा."

स्वरदाचा हात हाराकडे गेलाच होता. चेहरा लालबुंद. कीर्तनात पडलेला हार आरतीपर्यंत गळ्यातून निघत नाही, आणि हार ज्याच्या गळ्यात, उत्तररंग म्हणजे पुढचं आख्यान त्याचं, हे तिला कळत नव्हतं असं नाही. पण समोर बाबा उभे होते.

बुवांची नजर त्या हारावर होती. दुसरा हार आला असता. कुणी काही बोललं नसतं, आंधळ्या म्हातारीची चूक म्हणून सगळे हसून मोकळे झाले असते. मग त्यांनी आख्यान लावलं असतं, पुन्हा कुठेतरी फळा पुसला गेला असता, आणि पुन्हा ही मागून गायली असती. तनय मोठा होईपर्यंत. या सतरंजीवरून उतरलं की खाली आपण कोण? सकाळी उठून काय घोकायचं? कुणासाठी?

स्वरदाने हार डोक्यापर्यंत उचलला. झेंडूच्या दोन पाकळ्या तिच्या खांद्यावर पडल्या. लेकीला हार शोभतो, एवढंच बुवांच्या मनात आलं. इतकं साधं. आणि तेवढ्यात, कसं कोण जाणे, राणी दिसली.

"थांब," ते म्हणाले. मग देवळाकडे वळले. "मंडळी, मघाशी गोष्ट अर्धी राहिली. मला आठवत नव्हतं, उगाच खोटं कशाला सांगू. आता आठवलं. राणीने सही केली आणि ती खुर्चीवरून उठली. मुलाला म्हणाली, बस. स्वतःच्या खुर्चीवर बस. राजाला देव सांभाळो, एवढं म्हणाली, आणि दारातून निघून गेली. मुकुट नाही, तेल नाही. एक आई उठली आणि लेकरू बसलं. झाला राज्याभिषेक."

त्यांनी चिपळ्या स्वरदापुढे धरल्या.

"बाबा, असं नका करू. तनयसाठी ठेवलीये ना ही जागा?"

"तनयला तू शिकव. शिकला तर तुझ्यामागे उभा राहील."

"आणि घराण्याची चाल?"

"स्वीडनने कायदा बदलला की नाही? मला काय पार्लमेंट भरवायला लागतंय?"

हारुनभाईंनी डग्ग्यावर एक दणदणीत थाप दिली, तसं देऊळ हसलं. त्या हसण्यातच स्वरदाने चिपळ्या घेतल्या. पहिला ताल तिच्या हातांनी आपसूकच धरला.

बुवा सतरंजीवरून उतरले आणि अडले. कुठे बसायचं? इतक्या वर्षांत या देवळात ते कधी खाली बसलेच नव्हते. कुसाबाईंनी जमीन थोपटली. "या की हितं. बायांत बसलं तर काय बिघडतंय?"

बसले. आणि स्वरदाने आख्यान लावलं.

तिने सुरुवात बुवांसारखी केलीच नाही. बुवा राजवाड्यापासून सुरू करायचे, ती वेशीपासून. राजा परत येतोय हे सगळ्यात आधी गावाबाहेर शेण्या थापणाऱ्या बाईला कळलं, असं म्हणाली. बुवांची मान "नाही, नाही" अशी हलू लागली, ओठांपर्यंत दुरुस्ती आली. पण ती बाई, हात शेणाने भरलेले, आता राजाला ओवाळू कशी म्हणून रडायला लागली, तेव्हा कुसाबाईंनी नाक ओढलं, आणि बुवांनी पाहिलं तर त्यांचं स्वतःचंही उपरणं भिजलेलं. आयुष्यभर लोकांना रडवलं, स्वतः कधी बसून रडता आलं नव्हतं. मागे उभं राहून ध्रुपद धरायला कुणी नव्हतं, म्हणून त्यांनी खालूनच धरलं. फाटक्या, थकलेल्या आवाजात. स्वरदाने तो ऐकला. आणि त्याच पट्टीत उतरून ती पुढे गेली.

आरती झाली. माणसं तिच्या पाया पडायला सरकू लागली. बुवाही उठले, तशी ती दोन पावलं मागे झाली.

"बाबा, तुम्ही नाही हं."

"तू कशी सांगशील मला? मी आता श्रोत्यांत आहे," असं म्हणत त्यांनी वाकून सतरंजीला हात लावला आणि तोच हात लेकीच्या डोक्यावर ठेवला.

हारुनभाई तबला गवसणीत घालत होते. "बुवा, एक शंका. तुम्हीच एकदा सांगितलेलं, हॉलंडची राणी उतरली की परत राजकन्या होते, आणि डेन्मार्कची उतरली तरी राणीच म्हणवते. मग तुमचं काय ठरलं? बुवाच म्हणायचं का पोरासारखं चिंत्या?"

"तुमच्या तोंडी चिंत्याच बरा वाटेल. खूप वर्षांत कुणी म्हटलं नाही."

मग ते पायऱ्या उतरून कुसाबाईंच्या पाटीपाशी गेले. बाई उरलेली फुलं ओल्या फडक्यात बांधत होत्या. अजून ओशाळलेल्या होत्या. "बुवा, लय चुकलं बघा माझं."

"कुसाबाई, हनुमान जयंतीला पोरीचं कीर्तन आहे. गर्दी होईल. माझी जागा धरून ठेवा," बुवा म्हणाले. "आणि जरा पुढची धरा. मला मागून नीट ऐकू येत नाही."