गाळलेली ओळ

सर्व्हरकाकांना फोनचा भारी तिटकारा होता. म्हणजे नोकरीत होते तोवर. इस्पितळाच्या तळघरात, दोन सर्व्हर आणि एक टेबल जेमतेम मावेल अशा थंडगार खोलीत त्यांची उमेदीची सगळी वर्षं गेली, आणि तो फोन काही त्यांना सुखाने घास गिळू देत नसे. कधी वरून एखादी सिस्टर म्हणायची, "काका, रिपोर्ट दिसत नाहीयेत हो!" कधी एखादा डॉक्टर करवादायचा. काका फोनवर गोड बोलायचे आणि ठेवल्यावर त्याच्याकडे बघून पुटपुटायचे, "वाज मेल्या, अजून वाज." सगळं सुरळीत चालू असेल त्या दिवशी मात्र त्यांची आठवण कोणालाच यायची नाही. तळघरात कोणी सर्व्हरकाका असतात, एवढंच लोकांना ठाऊक.

दोन्ही सर्व्हरांना काकांनी नावं दिली होती. रोजचं काम ओढणारा तो थोरला आणि त्याची नक्कल सांभाळणारा तो धाकटा. काकांनी लग्न केलं नव्हतं, घरी दुसरं कोणी नव्हतं. लाड करायचे तरी कोणाचे?

निवृत्ती जवळ आली तसे साहेब म्हणाले, "काका, तुमच्या डोक्यात आहे ते सगळं लिहून काढा. तुमच्यामागे आमचं अडायला नको." अहो, काकांना काय तो आनंद! तुम्ही नेमकं करता काय, हे इतक्या वर्षांत कोणी विचारलंच नव्हतं.

ते लिहायला बसले, आणि समोर कोणी बसलंय अशा थाटात लिहीत गेले. 'काहीही पुसण्याआधी आपण कुठल्या फोल्डरमध्ये उभे आहोत ते मशीनला विचारा. विचारायला लाज कसली? इथे पुसलेलं कचऱ्याच्या डब्यात जात नाही, कायमचं जातं.' पुढे, 'लॉगिनची सेटिंग बदलताना चालू खिडकी बंद करू नका. दुसऱ्या खिडकीतून नव्याने आत येता येतं का ते आधी बघा. नाहीतर किल्ली आत आणि आपण बाहेर. मी एकदा राहिलोय, कानाला खडा लावलाय.' सर्व्हर अचानक रुसला तर हातपाय न गाळता आधी डिस्क भरली का ते बघावं, बहुतेकदा लॉगच्या, म्हणजे सर्व्हरच्या रोजनिशीच्या, फायलीच फुगलेल्या असतात, हेही लिहिलं. बॅकअपवर तर ते चांगलेच तापले. 'बॅकअप घेतला म्हणजे झालं, असं म्हणणाऱ्याला माझ्यासमोर आणा. तो धाकट्यावर उतरवून बघितलात का? नाही ना? मग ती नुसती मनाची समजूत आहे.'

आणि मग आली सर्टिफिकेटची गोष्ट. सर्टिफिकेट म्हणजे सर्व्हरचं ओळखपत्र, मुदतीचं. थोरल्याचं नवं ओळखपत्र दर तीन महिन्यांनी आपोआप यायचं, पण रिपोर्ट दाखवणारा प्रोग्रॅम असा आळशी, की खिशातलं जुनंच दाखवत बसायचा. 'रीलोड'ची कमांड दिली की मगच तो नवं उचलायचा. ती राहिली, तर मुदत संपेल त्या दिवशी वॉर्डातले संगणक थोरल्याला ओळखच द्यायचे नाहीत. एकही रिपोर्ट दिसायचा नाही. आता हेही आपोआप करता आलं असतं. काकांनी केलं नव्हतं. काहीतरी आपल्या हाताने करायला उरावं, असं त्यांना वाटायचं.

ती ओळ त्यांनी लिहिली. वाचली. आणि पुसून टाकली.

का, ते त्यांना चांगलं माहीत होतं. एकदा तरी फोन यावा. फार नाही, एकदा. सगळे गडबडतील, कोणीतरी म्हणेल, "अरे, काकांना विचारा." काका शांतपणे एक कमांड सांगतील, पाच मिनिटांत सगळं चालू होईल. एवढं एक सुख माणसाने मागू नये का? शेवटच्या दिवशी त्यांनी सर्व्हरवरचं आपलं खातं आपल्याच हाताने बंद केलं, कारण जाणाऱ्याचं खातं त्याच दिवशी बंद करावं, मग तो कितीही सज्जन असो, असं त्यांनीच लिहून ठेवलं होतं. साहेबांनी फाइल हातात तोलून बघितली, पाठीवर थाप मारली, आणि काका घरी आले.

घरात फोन होता, पण तो वाजेचना. रविवारी ताईचा यायचा तेवढाच. ताईला अलीकडे कमी ऐकू यायचं, म्हणून बहीणभाऊ आपापलं बोलून घ्यायचे आणि ठेवून द्यायचे. बाकी दिवस काका घरातल्या घरात येरझारा घालायचे. चहा करायचे, तो निवायचा, पुन्हा गरम करायचे. बोलायला कोणी नसलं की माणसाला आपलाच आवाज परका वाटतो, तसं त्यांचं व्हायला लागलं. सर्टिफिकेटची तारीख मात्र डोक्यात पक्की होती.

सुरुवातीला ते त्या तारखेची वाट बघत होते. ती जवळ यायला लागली तसे ते स्वतःशीच वाद घालायला लागले. पाच मिनिटं, पाच मिनिटं काय घेऊन बसलोय? फोन नाही केला तर? नंबर हरवला असला तर? ऑपरेशनच्या टेबलावर कोणी पडलंय आणि रक्ताचा रिपोर्ट उघडत नाहीये, हे चित्र काही डोळ्यांपुढून हलेना. "लाज नाही वाटली रे तुला?" ते स्वतःलाच मोठ्याने म्हणाले.

मुदत संपायच्या आदल्या दिवशी सकाळी त्यांनी दाढी केली, ऑफिसचा शर्ट चढवला आणि तळघराचा नंबर फिरवला. बराच वेळ वाजून एका मुलीने उचलला.

"मी सर्व्हरकाका बोलतोय. तुमच्या आधी मीच बघायचो सगळं. आधी कागद घ्या, मग बोलू."

"घेतला, बोला."

काकांनी कमांड एकेका अक्षराने सांगितली. मधली जागा कुठे सोडायची तेही सांगितलं. "आजच द्या. उद्यावर टाकू नका. ही ओळ फाइलीत नाहीये. माझी चूक आहे, मी मुद्दाम गाळली. साहेबांना सांगायचं तर खुशाल सांगा."

मग तिने विचारलं, "काका, पण कुठल्या सर्व्हरवर द्यायची?"

"थोरल्यावर. म्हणजे रिपोर्टच्या."

"तो बंद केला ना. तुम्ही गेल्यावर दुसऱ्याच आठवड्यात सगळं बाहेरच्या कंपनीकडे गेलं. दोन्ही मशीन भंगारात दिली. तळघरात आता खुर्च्या ठेवतात, हा फोन वर वळवलाय."

"आणि माझी फाइल?"

"आहे ना, कपाटात आहे. तपासणीवाल्यांना हवी होती. भरपूर पानं आहेत म्हणून खूश झाले."

कोणाचं काही बिघडणार नव्हतं. काकांना हायसं वाटायला हवं होतं, आणि क्षणभर वाटलंही. मग मात्र एवढं भडभडून आलं, की त्यांनी फोन तोंडापासून लांब धरला. ती ओळ लिहिली असती काय आणि गाळली काय, सगळं सारखंच होतं.

"काका? ऐकताय ना?" मुलगी पोरगेल्या आवाजात म्हणाली. तिला काहीतरी कळलं असावं. "मी लिहून घेतलंय हं सगळं. परत वाचून दाखवू का?"

काकांनी नाक पुसलं आणि खुर्ची ओढून बसले.

"दाखवा," ते म्हणाले. "सावकाश वाचा."