देवमाशाची ओटी

मी खण बोलतोय. झंपराचा खण, हिरवा, लाल काठाचा. तुमच्या कपाटात माझे भाऊबंद ढिगानं पडले असतील.

कर्नाटकातल्या एका मागावर माझा जन्म झाला आणि मुखेडच्या बाजारात मी विकला गेलो. वाटलं, आता कात्री लागेल, बाह्या फुटतील, कुणाच्या तरी अंगाला लागेन. कशाचं काय! घेणाऱ्या बाईनं मला विहिणीच्या ओटीत घातलं, विहिणीनं नणंदेच्या, नणंदेनं शेजारणीच्या. जी ती घडी उलगडायची, बोटानं पोत बघायची अन् "ऱ्हाऊ दे, देण्याघेण्याला हुईल" म्हणून परत मिटायची. नारळ फोडून खातात, तांदूळ शिजवतात, माझीच तेवढी फिरती चाकरी.

असा फिरत मी कस्तुराबाईच्या पेटीत आलो. मालक किशनराव, कस्तुराबाई आणि विधवा सून सिंधू, एवढीच माणसं घरात. लेक दोन सालांमागं वारला. तेव्हापासून हळदीकुंकवाला गेलं की कस्तुराबाईच्या कपाळाला बोट लागायचं आणि सिंधू कप विसळायला आत जायची. तिला कुणी जा म्हणत नव्हतं, थांब बी म्हणत नव्हतं. कस्तुराबाईला सगळं दिसायचं. पण ती मान खाली घालून बसायची.

सिंधूची पोरगी पूनम मोठ्या प्रवासी जहाजावर नोकरीला. आई घरात वाळून चालली म्हणून तिनं दोघींना फिरायला बोलावलं. किशनराव जनावरं बघायला मागं राहिले. एवढं पाणी बघायचं तर समुद्राची ओटी भरली पाहिजे, असं म्हणून कस्तुराबाईनं नारळ, तांदूळ, हळकुंड आणि मला पिशवीत घातलं.

जहाज चेन्नईहून श्रीलंकेला लागलं. तिथून लहान बोटीत बसून देवमासा बघायला जायचं होतं. सगळ्यांना नारंगी जाकिटं चढवली. कस्तुराबाई त्यात टम्म फुगलेल्या भाकरीसारखी दिसत होती.

आधी पाण्यातून कारंजं उडालं. मग पाठ निघाली, ती निघतच राहिली. एसटी तोकडी पडावी, एवढी लांब! आणि तिच्या कुशीला चिकटून पिल्लू.

"अगं माय माय! लेकुरवाळी हाय की ही!" कस्तुराबाई उठून उभीच राहिली. "सिंधे, पिशवी दे. हिचीच ओटी भरते."

"आजी, खाली बस!" पूनमनं तिचा हात धरला. "समुद्रात काही टाकू देत नाहीत. फडकं पोटात गेलं तर जीव जाईल तिचा."

"मंग काय लेकुरवाळीला रिकामी लावून देऊ?"

सिंधूला हसू आलं. "आत्याबाई, तिचा नवरा हाय का न्हाई, त्ये तर इचारा आधी."

बोलली ती गमतीनंच. पण कस्तुराबाईचा हात माझ्यावर होता, तो तिथंच थांबला. पाण्यातली ती माय पिल्लाला अंगाशी घेऊन सावकाश चालली होती. कस्तुराबाई तिच्याकडं बघत राहिली. मग सुनेकडं वळली.

"सिंधे, पदर काढ जाकिटातून."

"कशाला?"

"काढ म्हणते ना."

सिंधूचा चेहरा उतरला. "नका हो आत्याबाई. लोक काय म्हणतील?"

"हितं मुखेडचं कोण बसलंय?"

"आन् मुखेडला गेल्यावर?"

कस्तुराबाईनं जाकिटाखालून तिच्या पदराचं टोक ओढलं आणि हेलकावत्या बोटीत मला, नारळाला, तांदळाला त्यात घातलं. अर्धे तांदूळ बोटीतच सांडले.

"लेक माझा गेला," ती म्हणाली. "तू तर हाईस न्हवं?"

सिंधू पदर आवळून रडली. तेवढ्यात देवमाशानं शेपूट उचलून बुडी मारली म्हणे. सारी बोट ओरडली. आमच्यातल्या कुणी बघितलंच नाही.

मुखेडला आल्यावर कस्तुराबाईनं स्वतः मला शिंप्याकडं नेलं. आज शेजारच्या तुळजाबाईच्या सुनेचं डोहाळजेवण आहे. मला अंगात घालून सिंधू दाराच्या आत उभी आहे. कडीला हात लावते, मागं घेते. तिच्या छातीची धडधड मला सगळ्यांत आधी कळते. बाहेर कस्तुराबाई चपला घालून खोळंबलीय. "चल गं, पंगती उठतील!"

मी हातभर कापड. तिला दारापर्यंत आणायचं तेवढं आणलं. पुढचं तुमच्या हातात आहे, बायांनो. ती आली की कुंकवाचा करंडा मागं घेऊ नका. कप विसळायला दुसरं कुणीतरी उठा.

कडी वाजली बघा. आम्ही येतोय.